काळ्या पट्टीमागचा टोपीवाला

मित्रांनो, मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे आणि चांगलाच खुनशी आहे. पुसदच्या एका चित्रकला महाविद्यालयात माझी हयात गेली. चौकटीत बसवलेली इवलीशी चित्रं माझ्या पोटात ठेवली, की मी ती भिंतीवर माणसाएवढी करून दाखवायचो.

भैरवी मॅडम ‘कला आणि समाज’ शिकवायच्या. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं पॅरिस मी त्यांच्यामुळे पाहिलं. इस्त्री करून खांदे भरून आलेल्या बायका, स्टेशनातला धूर, पांढरे झगे घालून नाचणाऱ्या कोवळ्या पोरी. या पोरींच्या चित्रात एका कोपऱ्यात उंच काळ्या टोपीचा शेठ उभा होता. मॅडम विचारायच्या, “हा इथं काय करतोय?” मग तास असा रंगायचा, की महागावची सुरभी घंटा झाली तरी उठायची नाही. ते माझे सुखाचे दिवस.

मग सलील सर विभागप्रमुख झाले. “फ्रेंच चित्रं म्हणजे उजेड अन् रंग! गरिबी कायले उगाळून राह्यल्या, मॅडम?” असं म्हणून त्यांनी स्लाइडवरच्या टोपीवाल्यावर काळी चिकटपट्टी लावली. मॅडमना रांगोळीच्या वर्गावर धाडलं आणि मला अडगळीत कोंबलं. माझ्या पोटात झुरळांनी संसार थाटला. मी दातओठ खात दिवस काढले.

यंदा विद्यापीठाची समिती दसऱ्याच्या सुमारास यायची होती. मॅडमचा विषय ठेवायचा की कायमचा बंद करायचा, हे ती ठरवणार होती. जुनी वस्तू पाहून पाहुणे खूश होतील म्हणून सरांनी मला बाहेर काढलं. खंडेनवमीला ब्रश-पॅलेटसोबत माझीही पूजा झाली. सरांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट थेट माझ्या भिंगावर ओढलं. पुजलेलं कसं पुसायचं, म्हणून कोणी हात लावला नाही. माझ्या डोळ्यात बोट घातलं होतं, मित्रांनो! तेव्हाच मी ठरवलं.

समितीच्या शोभाताई समोर बसल्या. सरांनी ऐटीत नाचणाऱ्या पोरी लावल्या. भिंतभर तांबडा चिखल! सर खिशातली दस्ती काढून भिंग पुसू लागले, तसं तेल आणखीच पसरलं. ते घासत राहिले, भिंग हळूहळू साफ होत गेलं आणि मी माझा पंखा मुद्दाम बंद केला. बल्ब तापला. पट्टीचा गोंद वितळला. स्लाइड माझ्यात उलटी बसते, त्यामुळे पट्टी खाली घसरली तशी भिंतीवर ती वर वर सरकली. आधी बूट दिसले, मग कोट, मग टोपी.

“हा कोण?” शोभाताईंनी विचारलं. सरांचा चेहरा त्या पट्टीसारखा काळा पडला.

मागून सुरभी उठली. “ताई, तो नाच पाहाले नाही आला. पोरी पाहाले आला. पोरीच्या घरी चूल पेटत नाही, हे त्याले मालूम हाये. सरांनी त्याले पट्टीखाली लपवलतं.”

शोभाताईंनी सरांकडे एकदाच पाहिलं. विषय राहिला. भैरवी मॅडम वर्गावर परत आल्या.

त्या उष्णतेनं माझा बल्ब मात्र गेला. तसला बल्ब आता कुठंच मिळत नाही, मी कायमचा आंधळा झालो. खंत? छे! सरांचा तो चेहरा मी शेवटचा पाहिला, तेवढा मला जन्माला पुरेल.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. माया वाटत नसेल तर निदान भिऊन जपा.