उतरणीवरची गोळी

"ढकलायची नाही हं. नुसती सोड," धाकटीने बजावलं आणि स्टॉपवॉचवर अंगठा ठेवला.

समोरच्या मुलाने दोनदा पोलादी गोळीला धक्का देऊन त्वरणाच्या प्रयोगाचा पार बट्ट्याबोळ केला होता. वर्गाने लगोलग त्याचं नाव ढकल्या ठेवलं. या खेपेला त्याने बोट अलगद उचललं. खाच पाडलेल्या फळीवरून गोळी आधी रेंगाळली, मग सुसाट सुटली. धाकटीने बटण दाबलं, तोच दार भिंतीवर आदळलं.

दारात तिचा थोरला भाऊ उभा होता. गॅरेजातून तसाच आलेला, हात काळे, डोळे लाल.

"यासाठी येतेस होय शाळेत?"

बहीण वर्गातल्या एका मुलाबरोबर असते, असे कोणीतरी त्याचे कान भरले होते. सरांनी हजेरीच्या क्रमाने जोड्या लावल्या होत्या, एवढंच खरं होतं. पण विचारायला तो आलाच नव्हता. त्याने ढकल्याची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. दाताचा तुकडा फळीच्या खाचेत पडला. मुलं किंचाळत भिंतीला चिकटली.

सर मधे आले. अंगाने इतके किरकोळ की पोरं पाठीमागे त्यांना काडीपैलवान म्हणत.

"हा माझा वर्ग आहे. बाहेर व्हा."

थोरल्याचा ठोसा कानावर बसला. सर कोसळले, टेबल धरून उठले. "बाहेर व्हा म्हटलं ना." पुन्हा ठोसा. पुन्हा उठले. कानातून रक्ताचा ओघळ शर्टात उतरला.

मग थोरल्याने बहिणीची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिला फरफटत दाराकडे ओढलं. जाता जाता फळी तिच्या हाती लागली. तिने ती दोन्ही हातांनी फिरवली. फळी त्याच्या गुडघ्यावर बसली. कडकन आवाज झाला, वेणी सुटली आणि तो आडवा झाला.

धाकटी थांबली नाही. खांद्यावर, पाठीवर, पोटरीवर, जिथे सापडेल तिथे घालत राहिली. इतकी वर्षं ताट उशिरा वाढलं म्हणून, मोठ्याने हसली म्हणून खाल्लेला मार हातात उतरला होता.

"आई गं!" थोरला लहान पोरासारखा रडला.

"पुरे, बाळ. पडलाय तो," सरांनी तिचं मनगट धरलं. तेव्हा कुठे तिने फळी खाली टाकली.

पोलीस आले. ढकल्याच्या तोंडात टाके पडले, थोरला प्लॅस्टर घालून कोठडीत गेला. सरांचा तो कान कायमचा गेला. आता अवघड शंका विचारली की मुद्दाम बहिरा कान पुढे करतात, असं पोरं म्हणतात.

त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात आई आधी लेकाला भेटून आली.

"भावाचा पाय मोडलास. आता कुठल्या तोंडाने घरी येणार?"

"ज्या तोंडात तो मारायचा, त्याच तोंडाने आले असते," धाकटी म्हणाली. "पण येत नाही."

आईने मान फिरवली. आईबरोबर आलेली मावशी कोपऱ्यातून उठली, पदराने भाचीच्या गालावर उडालेलं रक्त पुसलं.

"चल. माझ्याकडे पलंग एकच आहे, पण रुंद आहे."