पेनाचे टाके

आमच्या भागातल्या सर्जनना सगळे लाडानं 'झटपट' म्हणतात. चहा उकळेपर्यंत अपेंडिक्स बाहेर, असा त्यांचा लौकिक. माझ्या बहिणीचंही त्यांनीच काढलं होतं. त्यामुळे तिची लेक पोट धरून कळवळायला लागली, तेव्हा आम्ही दुसरं दार शोधलंच नाही.

त्या दिवशी मात्र झटपटरावांना घाई नव्हती. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तयार, पोरगी ट्रॉलीवर, आणि हे म्हणतात, "जीभ दाखव बघू." माझं डोकंच फिरलं.

"दुखतंय पोट आणि तुम्ही जीभ काय बघताय?"

"मावशी, जरा दम धरा." त्यांनी तिची लालभडक जीभ आणि तसेच लाल डोळे पाहिले आणि बहिणीला विचारलं, "आधी पोट दुखलं की आधी ताप आला?"

"आधी ताप. चांगला तीन-चार दिवस. मग पोट."

"महिन्याभरापूर्वी घरात कुणाला साथीचा ताप?"

"अहो, सगळेच आडवे झालो होतो. हिला नुसता खोकला होता."

त्यांनी हातमोजे काढले. "अपेंडिक्समध्ये सहसा दुखणं आधी येतं, ताप मागून. सोनोग्राफीतही ते सुजलेलं दिसत नाहीये. साथ येऊन गेल्यावर काही मुलांचं अंग आतून सुजतं. पोट, डोळे, कधी हृदयसुद्धा. ते तपासल्याशिवाय मी हिला भूल देऊ देणार नाही."

तपासलं. हृदय खरोखरच दमलेलं निघालं. "भूल दिली असती तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. ज्या हाताच्या चपळाईचं सगळे कौतुक करतात, तो हात या माणसानं ऐनवेळी आवरला होता. मी मनातल्या मनात कान पकडले.

मुलांच्या डॉक्टरांनी सलाइनमधून औषधं सुरू केली. झटपटराव तरीही रोज येऊन पोट दाबून बघायचे. "अपेंडिक्सचा काय भरवसा!" म्हणायचे. ताप उतरला, हृदय सावरलं, आणि पोरगी खायला मागू लागली.

घरी सोडताना ती रुसून बसली. "आईला टाके आहेत. मला का नाहीत?"

त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्या पोटावर उजवीकडे एक रेघ ओढली आणि त्या रेघेवर आडवे टाके काढून दिले. "सांभाळ हं. लगेच उड्या मारायच्या नाहीत."

घरी तिला आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. "मावशी, टाके भिजवू नकोस!" म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. पण शाईच ती, ओघळली. खालून कोरं, गुळगुळीत पोट निघालं. टाके गेले म्हणून ती भोकाड पसरून रडत होती. त्या पोटावर हात ठेवून मीही रडत होते.