मागच्या खोलीची हवा

तुर्दुबाय गेला तेव्हा त्याच्या बायकोने, सायराकानने, हंबरडा फोडला नाही. गावातल्या बायका दुखवट्यासाठी उभारलेल्या तंबूत भिंतीकडे तोंड करून गळा काढत होत्या आणि ही मांडीवर हात ठेवून नुसती बसली होती. मागाहून कुजबुज झाली, तिच्या कानावरही आली. तिला त्याचंही काही वाटलं नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरने नवरा वर्षभर झिजला, त्या वर्षातच तिचं रडू आटून गेलं होतं.

त्या शरदात जिल्ह्याच्या गावाहून नूरिपा नावाची बाई आली. युरेनियमची खाण बंद पडून जमाना झाला होता, पण खोऱ्यातल्या घरांची हवा आता कुठे मोजत होते. तिने सायराकानच्या मागच्या खोलीतल्या फळीवर मुठीत मावेल एवढी काळी डबी ठेवली.

"हिला हलवू नका. थंडीत येऊन घेऊन जाईन."

"काय धरते ही?" सुनेने, गुलझातने, विचारलं. तिचा नवरा रशियात बांधकामावर होता आणि मांडीवर तान्हं होतं.

"रेडॉन. जमिनीतून, दगडातून निघणारा वायू. दिसत नाही, वासही येत नाही. श्वासातून आत जात राहिला की फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो."

"चहा घे," सायराकान म्हणाली.

थंडीत डबी गेली, आणि बर्फ वितळायच्या आधी नूरिपा आकडा घेऊन आली. सायराकानचा धाकटा दीर कादिर मुद्दाम येऊन बसला होता.

"तीनशेच्या वर गेलं की आम्ही घर दुरुस्त करायला सांगतो," नूरिपा म्हणाली. "तुमच्याकडे अडीच हजार भरलं. भिंतीचा दगड कुठला?"

गावात सगळ्यांच्याच भिंती खाणीच्या ढिगाऱ्यातल्या दगडाच्या होत्या.

"आम्हीच आणला," कादिर म्हणाला. "मी आणि दादाने, ट्रकमधून. फुकटचा होता. म्हणजे दादा त्या दगडानं गेला?"

"एका माणसाचं असं सांगता येत नाही. सिगारेट ओढायचे?"

"ओढायचा की."

"मग दोन्ही मिळून धोका फार वाढतो. दगड आहेच, शिवाय खाली बटाट्याचं तळघर. वायू जमिनीतून वर चढतो आणि थंडीत सगळं बंद, म्हणून साचतो."

दर शरदात खिडक्यांच्या फटींना कापूस भरून वर कागद चिकटवायचं काम सायराकानचं. गावात तिच्याइतकं नेटकं कोणाला जमत नसे. तिने खिडकीकडे पाहिलं आणि पाहुणीच्या वाडग्यात आणखी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी गुलझातने बोचकं बांधलं.

"आई, मी माहेरी जाते. रागावू नका. बाळासाठी म्हणून."

"जा. त्याला जाड दुलई घे."

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आम्हीही त्याच दगडात राहतो. आम्ही मेलो का?"

"मेलेले सांगायला येतात का, काकी?" कादिर म्हणाला आणि कुदळ घेऊन आत गेला.

नूरिपाने सांगितलं होतं तसं त्याने केलं. जमिनीच्या फळ्या उचकटल्या, तळघरात खड्डा खणला, त्यातून जाड नळी काढून छपराच्या वर नेली आणि तिला पंखा बसवला. सायराकानने बटाटे उपसले, फटी बुजवायला गारा कालवला. काम करता करता कादिर थांबला.

"मी ट्रक आणला नसता तर, वहिनी?"

"तर घर झालं नसतं."

"मला शिव्या तरी घाला."

"गारा वाळतोय. आधी तो कोपरा भर."

त्याने कोपरा भरला. नाक वाहत होतं ते बाहीला पुसलं.

मग पुन्हा डबी ठेवली. पुढच्या थंडीत नूरिपाने आकडा सांगितला, एकशे ऐंशी. कादिर दोन्ही हातांत तोंड धरून हुंदके देत राहिला. सायराकानने त्याच्यासमोर पाव सरकवला.

"ही नळी आधी बसवली असती तर?" तिने नूरिपाला विचारलं. तिने आपणहून काही विचारलं असं हे पहिल्यांदाच.

नूरिपाने वाडगा खाली ठेवला. "धोका कमी झाला असता, ताई. ते वाचले असते असं नाही म्हणवत मला."

"बरं."

आठवडाभरात गुलझात परतली. पोर आता पाय टाकायला लागलं होतं. तिने अंथरूण पुढच्या खोलीत टाकलं, मागे जायचं धाडस होईना.

"तुम्ही तिकडेच झोपता, आई? पंखा घरघरतो ना?"

"घरघरतो."

"मग झोप लागते?"

"कधी लागते, कधी नाही," सायराकान म्हणाली आणि मेंढ्यांना चारा टाकायला निघाली. पोर तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिच्या ओढणीचं टोक धरून उभं राहिलं. तिने ते सोडवलं नाही. थोडा वेळ तीही तिथेच थांबली.