पाणबुडीतली विहीर

"कडी नीट लावलीत ना, जावईबापू? मध्येच कोणी आलं की मजा जाते."

"लावली," लिफ्ट दुरुस्त करणारा जावई म्हणाला. आपल्याच हाताने आपल्याला कोंडून घ्यायचं, वर त्याची खात्रीही आपणच द्यायची!

रविवारची दुपार. पडदे ओढलेले. सोफ्याच्या एका टोकाला सासरे, दुसऱ्या टोकाला बायको आणि मध्ये तो, म्हणजे पळायचं तर कोणाच्या तरी मांडीवरून पळावं लागणार. टीव्हीवर एक पाणबुडी बुडत होती. तशी ती तिच्या कामालाच लागलेली होती, पण आत भूत होतं.

एरवी तो उंच इमारतींमधल्या लिफ्टच्या पोकळीत पट्ट्याला लोंबकळत बिनधास्त शीळ घालायचा. पण पडद्यावर एखादं दार किरकिरलं, की हाच माणूस सोफ्याची कड घट्ट धरायचा. चूक एकच झाली होती. मुलगी बघायला गेला तेव्हा सासऱ्यांनी आवडीनिवडी विचारल्या आणि ऐनवेळी त्याला एकही आठवेना. कोपऱ्यातल्या टीव्हीवर कुठल्याशा भुताची जाहिरात चालली होती. "भयपट," तो म्हणाला. लग्न ठरलं. पुढे सासूबाई गेल्या, ही दोघं सासऱ्यांकडे राहायला आली आणि दर रविवारी जावयाला भूत मिळू लागलं.

बघण्याचा प्रश्न त्याने सोडवला होता, तो डोळे मिटून घ्यायचा. अंधारात कोणाला कळतंय! खरी पंचाईत नंतर. सिनेमा संपला की प्रत्येकाने मत द्यायचं, त्याशिवाय चहा नाही, असा घरचा कायदा होता. म्हणून सकाळीच बाथरूममध्ये बसून तो मोबाईलवर प्रेक्षकांची मतं वाचायचा. प्रेक्षक उदार असतात. "काळीज तोंडात आलं." "याहून माझी मेहुणी भयानक." "शेवट आधीच ओळखला, दिग्दर्शकाने मला विचारायचं तरी." त्यातलं एक तो पाठ करायचा. आज घाईघाईतच करावं लागलं, कारण बाहेर सासरे मोबाईल हातात घेऊन दार वाजवत होते.

पाणबुडी एकदाची संपली. बायकोने दिवा लावला.

"बोला, जावईबापू."

"कथा जरा रेंगाळली," तो घसा खाकरून म्हणाला, "पण विहिरीतून हात वर येतो ना, तिथे पोटात गोळा आला."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "आणि तो रहाटाचा आवाज! विहिरीने सिनेमा तारला."

"कुठली विहीर?" बायको म्हणाली.

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी बंद टीव्हीकडे.

"अहो, पाणबुडीत विहीर कशी असेल? बाबा?"

"का? त्यांना प्यायला पाणी लागत नाही?" सासरे म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं मत कोणी धांदरटाने पाणबुडीखाली टाकलं होतं, आणि सासरे-जावयांनी ते श्रद्धेने पाठ केलं होतं.

"मला भीती वाटते, बाबा," जावई म्हणाला. "पहिल्यापासून."

"मग मला काय गुदगुल्या होतात? तुमची आवड म्हणून बसत होतो मी!"

दोघांना एकदमच हसू फुटलं. सुटलो! पुढच्या रविवारी कुठे कुठे जायचं याचे बेतही सुरू झाले. मग त्यांना दिसलं, की बायको हसत नव्हती.

"म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच बघत होते?" ती म्हणाली. "आई गेल्यापासून आपण तिघं मिळून बसतो, ते एवढंच." आणि ती चहा टाकायला गेली.

पुढच्या रविवारी तिने कोणाला हाक मारली नाही. आवाज बारीक करून, पाय पोटाशी घेऊन ती सोफ्याच्या टोकाला बसली. सासरे चपला घालून निघाले होते. ते दारातून परत फिरले आणि आपल्या जागी येऊन बसले. जावयाने थोडा वेळ आत पिशवी शोधल्यासारखं केलं. मग तोही येऊन मध्ये बसला.

या वेळी पांढऱ्या साडीतली कोणीतरी जिना उतरत होती. सासऱ्यांनी उघडउघड डोळे गच्च मिटले आणि जावयाचं मनगट धरलं.

"गेली का हो?"

ते सांगायला कोणीतरी बघणं भाग होतं. जावयाने डोळे उघडले.

"नाही, बाबा. अजून उभी आहे."

"गेली की सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. मनगटावरची बोटं रुतत चालली होती. तो बघत राहिला.