ऐकणाऱ्यांचे चेहरे

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. पण माझ्यावर कधी कुणी जेवले नाही की कुणी अभ्यास केला नाही. माझ्यावर सिनेमे जोडले जात. तेव्हा सिनेमा म्हणजे फिल्मची लांबच लांब पट्टी असे. माझ्या पाठीवर ताटाएवढ्या सपाट चकत्या आहेत. एकीवर चित्रांची पट्टी चढवायची, दुसरीवर आवाजाची, मग मूठ फिरवायची, की समोरच्या वहीएवढ्या पडद्यावर माणसे चालू-बोलू लागत. नको तो तुकडा कापायचा, हवा तो चिकटपट्टीने जोडायचा. लोकांना वाटते, सिनेमा शूटिंगच्या जागी होतो. माझे मत वेगळे आहे, आणि या वयात एवढा तोरा मला शोभावा.

मला लेथयंत्रावर लोखंड कातणाऱ्या एका कारागिराने आणि त्याच्या सुतार मेहुण्याने मिळून घडवले. दोघांचे जराही पटत नसे. एकाने केलेले काम दुसरा खोट काढण्यासाठी पुन्हा पुन्हा तपासून बघे. त्यांच्या त्या भांडणाचे माझ्यावर फार उपकार आहेत. आजही माझा एकही पाय डगमगत नाही.

तिथून मला ताईच्या खोलीत आणले. ताई सिनेमाची संकलक होती. तिच्याहून वयाने मोठी माणसेही तिला ताईच म्हणत. खोलीच्या खिडकीला काळा पडदा होता, भिंतीवरच्या खिळ्यांना कापलेल्या फिल्मच्या पट्ट्या लोंबत असत, आणि दाराशी पाटी होती : चहा बाहेर. मोठमोठ्या दिग्दर्शकांनी त्या पाटीखाली उभे राहून निमूट चहा संपवलेला मी पाहिला आहे.

किती तऱ्हेचे दिग्दर्शक होते ते! एकांना काही कापलेले सोसत नसे. ताईने कात्री उचलली की ते खिडकीकडे तोंड करून उभे राहत. दुसरे इतके घाईचे, की त्यांच्या सिनेमात कुणाला पाण्याचा पेला पुरता पिता येत नसे. तिसऱ्यांचा प्रत्येक प्रसंग बंद दारापासून सुरू व्हायचा. पुढे पुढे पट्टी चढवताच कुणाचा सिनेमा आहे ते मला ओळखू येई. मला प्रश्न पडे, ही तऱ्हा माणसाला मिळते कुठून?

याचे उत्तर मला ताईच्या धाकट्या भावाने दिले. त्याला घरी धाकटा म्हणत, आणि दाढी आली तरी सिनेमाच्या जगातही तो धाकटाच राहिला. त्याने बऱ्याच जणांच्या हाताखाली काम केले होते. त्याचा पहिला सिनेमा माझ्यावर आला. पैसा त्यांच्या मामाने घातला होता. ताईने तोवर धुऊन आलेली सगळी फिल्म शांतपणे पाहिली आणि म्हणाली, "छान आहे रे. पण यात तू कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"हे बंद दार त्यांचं. ही घाई यांची. तुझं स्वतःचं काय आहे यात?"

धाकट्याने जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला.

त्यातच नको ते झाले. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत उरलेल्या फिल्मच्या काही डब्यांत उजेड शिरला. सिनेमातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग त्यांतच होता. वडील दूरच्या बोटीवर नोकरीला निघाले आहेत आणि स्वयंपाकघरात मुलीला ते सांगत आहेत. वडिलांचे काम एका नामांकित नटाने केले होते. त्याच्या चेहऱ्याची सगळी फिल्म पांढरीफटक निघाली. स्वयंपाकघराचा देखावा मोडून झाला होता, आणि नट दुसऱ्या कामासाठी परगावी गेला होता. आवाज तेवढा शाबूत होता. शिवाय मुलीवर कॅमेरा रोखून घेतलेले चित्र दुसऱ्या डब्यात वाचले होते. त्यात ती नुसती मटार सोलत ऐकत होती.

"संपलं," धाकटा म्हणाला. "हा प्रसंग नाही, तर सिनेमा नाही."

ताई उठली. तिने माझ्या एका चकतीवर मुलीचे चित्र चढवले, दुसरीवर वडिलांचा आवाज, आणि मूठ फिरवली.

वडील बोलत होते. मुलीची बोटे शेंगा सोलत होती. 'निघतो' हा शब्द आला तशी बोटे थांबली. मग तिने सोललेले दाणे टाकून दिले आणि रिकामी टरफले भांड्यात ठेवली. ही चूक शूटिंगच्या वेळी कुणाच्याही लक्षात आली नव्हती.

पट्टी संपली. मग ताईने विचारले, "आपण जेवायला बसल्यावर कोणी गंमत सांगितली, तर तू कुणाकडे बघायचास?"

"बाबांकडे."

"सांगणाऱ्याकडे का नाही?"

"बाबा हसले की मगच ती गंमत पुरी व्हायची ना."

त्यांचे बाबा पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात कामाला होते. त्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. ओठ आणि चेहरे पाहून ते बोलणे ओळखत. त्यामुळे त्या घरात कोणी बोलू लागले, की बाकीच्यांचे डोळे बाबांवर असत : पोचले का त्यांच्यापर्यंत?

"मग तसंच बघ की," ताई म्हणाली. "लहानपणापासून तुला तेच येतं."

त्या दिवसापासून दोघांनी सिनेमा पहिल्यापासून उसवला. जिथे बोलणाऱ्याचा चेहरा होता, तिथे गरज असेल तर ऐकणाऱ्याचा आला. माझ्या चकत्यांना उसंत नव्हती. मामांनी हे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अरे, एवढा मोठा नट घेतलाय, आणि त्याचं तोंडच दिसत नाही. लोक काय मटार बघायला येतील?"

"मामा, एकदा बाबांना दाखवू," धाकटा म्हणाला. "त्यांना कळलं नाही, तर प्रसंग काढून टाकतो. शब्द देतो."

बाबा आले. चहा बाहेर संपवूनच आत आले. ताईने त्यांना माझ्यासमोर बसवले. मामा मागे हाताची घडी घालून उभे होते. माझी मूठ फिरली. बाबांना आवाज ऐकू येणार नव्हता, आणि पडद्यावर कुणाचे ओठ हलत नव्हते. नुसती एक मुलगी मटार सोलत होती.

चित्र संपले. बाबा चष्मा पुसत राहिले. मग मामांकडे वळून म्हणाले, "बाप लांब निघालाय वाटतं. पोरीला जाऊ नका म्हणायचंय, पण ती म्हणणार नाही." थोडे थांबून त्यांनी धाकट्याला विचारले, "इतर सिनेमांत बोलणारी पाठ फिरवतात, तेव्हा माझी पंचाईत होते. यात कसं काय सगळं समजलं रे?"

मामांनी हाताची घडी सोडली. "भावजी, चला," ते म्हणाले, "मला पण चहा हवाय."

सिनेमा तसाच लागला. तो नामांकित नट पाहून आला आणि म्हणाला, "माझा आवाज इतका चांगला आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." लोक धाकट्याला त्याच्या तऱ्हेवरून ओळखू लागले.

मित्रांनो, पुढची गोष्टही सांगायला हवी. तिसऱ्या सिनेमात धाकट्याने ऐकणाऱ्यांचे चेहरे जिथे तिथे घातले. घोड्याशी बोलणारा माणूस होता, तर घोड्याचासुद्धा. ताईने मूठ सोडली. "आधी तू बघत होतास," ती म्हणाली. "आता नुसती सवय झालीये. कोण ऐकतंय, आणि त्याचं काय होतंय, ते आधी शोध." घोड्याचा तुकडा कापला गेला. धाकटा रागावला नाही. तऱ्हा सापडली तरी प्रत्येक वेळी ती नव्याने कमवावी लागते, हे मला त्या दुपारी समजले.

मग संगणक आले. सिनेमे माझ्याविना जोडले जाऊ लागले. ताई थकली, खोली बंद झाली, आणि मला एका गोदामात मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत ठेवले. चकत्यांवर धूळ साचली, त्यांना फिरवणारा रबरी पट्टा सुकून तुटला. वाईट वाटे, पण तक्रार करावीशी वाटली नाही. जे पाहायला मिळाले, ते पदरात भरपूर होते.

आता मी सिनेमा शिकवणाऱ्या एका शाळेत आहे. इथल्या यंत्रदुरुस्तीच्या मावशींनी मला गोदामातून सोडवले, नवा पट्टा बसवला, तेल घातले. पांढऱ्या दाढीचा धाकटा इथे शिकवायला येतो. परवा एका विद्यार्थिनीने फिल्मवर काढलेला आपला छोटा सिनेमा त्याला माझ्यावर दाखवला. त्यात सगळीकडे ऐकणाऱ्यांचेच चेहरे होते. सरांना आवडेल, असे तिला वाटले असावे.

"हे माझ्या घरचं आहे, बाळ," धाकटा हळूच म्हणाला. "तुझ्या घरी कोण कुणाकडे बघतं?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आमच्याकडे कुणी कुणाकडे बघत नाही, सर. आजी रागावली की भांडी जोरात ठेवते. त्यावरून सगळ्यांना कळतं."

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. "सांग," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने यंत्र पडले असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी एकदा पुसून बघा. ते कदाचित अजून चालेल. आणि तुमच्या घरची जी बघण्याची, ऐकण्याची तऱ्हा आहे, तिला साधी समजून टाकू नका. माझ्यासारखे एखादे टेबल तिची वाट पाहत असते. ती विद्यार्थिनी उद्या भांड्यांचे आवाज घेऊन येणार आहे. मावशींनी माझ्या चकत्या आजच पुसून ठेवल्या आहेत.