शेजारणीची खोटी जखम

मित्रांनो, पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे एक शांत घर असते. तशाच एका घरातली मी एक जुनी पेशी. हे शरीर जिचे, ती माझी मालकीण कपडे शिवते आणि मी जखमा सांधते.

देवाने मला एकच नेम दिला होता. अ जीवनसत्त्वाचे थेंब पोटाशी धरून गप्प बसायचे. कुठे जखम झाली तर धागे विणायचे, ती भरली की पुन्हा गप्प. हा नेम मी मनोभावे पाळला. कुणी कौतुक केले नाही, मी ते मागितलेही नाही.

शेजारी पाचकरसाच्या नळीत एक पेशी राहायची. मी तिला धाकटी म्हणत असे. एके दिवशी तिने हाक मारली, "ताई, जखम झालीय गं. जरा विणून दे ना."

मी थेंब टाकले आणि विणायला बसले. मग रोज तीच हाक.

"अजून भरली नाही का गं?" मी विचारी.

"कुठली भरतेय! पण तुझ्यासारखी माया कुणाची नाही बघ."

मी पाघळले. उपाशी आहे म्हणाली, तर माझ्या तोंडचा घासही तिला दिला. पण जखम नव्हतीच, मित्रांनो. धाकटी कर्करोगाची पेशी झाली होती. माझ्या धाग्यांच्या आडोशाला तिची पिलावळ वाढत होती. शरीराचे पहारेकरी धावून आले, ते माझ्याच जाळ्यात अडकले. पुढे तिची काही पोरे धाग्यांवरून वाट काढत यकृताकडे निघाली. माझ्यासारखीच धागे विणणारी माझी सख्खी बहीण त्यांचा हात धरून गेली. जाताना मला सांगितलेसुद्धा नाही.

तिकडे मालकिणीची पाठ दुखत होती, अन्न जात नव्हते.

"वहिनी, अर्धी झालीस गं," तिची नणंद म्हणाली.

"बरंय की. जुने ब्लाउज पुन्हा बसायला लागले."

नणंदेने ऐकले नाही, तिला दवाखान्यात नेलेच. तिथे कर्करोगाची गाठ सापडली. उपचार सुरू झाले, पण गाठ कमी होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध गाठीपर्यंत जातं, आत शिरत नाही. भोवती दाट जाळं आहे."

"मग ते तोडून टाका ना," नणंद म्हणाली.

"तोडलं तर आतल्या पेशी मोकाट सुटतील अशी भीती आहे. जाळं विणणाऱ्या पेशींनाच शांत करता आलं पाहिजे. त्यावर शोध चाललाय."

नणंद मालकिणीचा हात हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे हिच्याच अंगातल्या पेशी हिच्यावर उलटल्या."

ते मी ऐकले. मी उलटले नाही हो, मला फसवले. पण हे तिला कोण सांगणार?

मित्रांनो, मदत जरूर करा, पण आधी जखम वाकून बघा. आणि दुखणे थट्टेवारी नेऊ नका. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी डॉक्टर झाले, तर मला शांत करणारे औषध लवकर शोधा. आता मला सगळे कळते, तरी धाकटीने हाक मारली की माझे हात विणू लागतात. ती आत्ताही हाक मारते आहे.