बिनलेबलाची बॅटरी

मुकुंद गुरांचा जाणकार होता. शंभर बैलांच्या बाजारात तो एक फेरी मारी, आणि कोणता बैल खुराने अधू आहे, कोणत्याचे दात घासून त्याला तरुण केलंय, हे हातातला चहा संपायच्या आत सांगून मोकळा होई. काटोलकडे लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणत. कागदोपत्री तो पशुधन पर्यवेक्षक होता, पण ज्याची म्हैस आडवी पडलीय त्याला कागदाशी काय करायचं असतं! असा हा माणूस, आणि स्वतःच्या मोटारसायकलीच्या पोटात काय चाललंय याचा मात्र त्याला पत्ता नसे. त्याची बहीण जया, जी नागपूरला सक्करदऱ्यात राहायची, ती यावरून त्याला फार छळायची. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातल्या त्या सकाळी मात्र तिलाही चेष्टा सुचली नाही.

गाडी मेली होती. किका मारून मारून मुकुंदचा सदरा पाठीला चिकटला, पण दिवा लागेना, हॉर्न वाजेना आणि बॅटरीशिवाय त्या गाडीत ठिणगी पडत नसे. पायरीवर बर्फाचा डबा तयार होता. त्यात घटसर्पाची लस होती, सव्वाशे जनावरांना पुरेल एवढी. आदल्या दिवशी तो ती घ्यायलाच नागपूरला आला होता, आणि भाच्याला पिटाळून सकाळीच बाजारातून ताजा बर्फ भरून घेतला होता.

काटोलच्या पुढे नऊ मैलांवर बोरखेडी नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारच्या गावात चार दिवसांत तीन बैल आणि एक गाभण म्हैस गळा सुजून मेली होती. दोन्ही गावांची गुरं एकाच नाल्यावर पाणी पितात. बोरखेडीच्या लोकांना सुई म्हटली की धडकी भरे. लस टोचली की गाय आटते, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलेलं. मुकुंदने आठ दिवस घरोघरी बसून, चहा पिऊन, हातापाया पडून त्यांना राजी केलं होतं. सरपंच चंपतरावांनी दवंडी दिली होती की आज कोणी गुरं सोडायची नाहीत, डॉक्टर दुपारपर्यंत येतो. आज तो गेला नाही तर उद्या गुरं नाल्यावर जाणार, आणि पुन्हा त्याच्या शब्दावर कोणी गुरं दावणीला ठेवणार नाही. बसने जावं तर काटोलपुढे संध्याकाळशिवाय गाडी नव्हती, आणि मे महिन्यातला बर्फ संध्याकाळची वाट बघत नाही.

जयाने सांगितलं, पुढच्या गल्लीत नत्थूचं दुकान आहे, बॅटरीत त्याच्यासारखा हात नाही. मुकुंद डबा सीटला बांधून गाडी ढकलत निघाला.

दुकान म्हणजे टिनाची शेड. आत फळीवर ओळीने बॅटऱ्या मांडलेल्या, त्यांना तारांचे चिमटे लावलेले, आणि त्यांच्या पोटातून भाताला आधण यावं तसा बारीक बुडबुड आवाज येत होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. पुढे स्टुलावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. एवढ्या उकाड्यात त्याच्या मांडीवर जाड टॉवेल होता आणि दोन्ही हात त्या टॉवेलाखाली. हाच नत्थू. मागे एक बाई नाकातोंडाला फडकं बांधून काम करत होती. मदतीला असेल, असं मुकुंदला वाटलं आणि त्याने पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

नत्थूने बसल्या जागेवरून विचारपूस केली. बाईने तेवढ्यात गाडीतली बॅटरी काढून बाकावर ठेवली, तिन्ही खान्यांची बुचं उघडली आणि ती नत्थूपुढे तिरपी धरली. आत प्लेटांवर पांढरा थर चढला होता.

"पाणी कोणतं टाकता जी?" नत्थूने विचारलं.

मुकुंद जरा चपापला. पाणी विहिरीचं, म्हणाला, पण गाळून.

"दवाखान्यात डिस्टिल वॉटर राहते ना तुमच्याकडे? सुईसाठी?"

राहते की, मुकुंद म्हणाला, पेटीभर राहते.

"मंग ते काहून नाई टाकलं?"

"ते जनावरांचं हाय," मुकुंद म्हणाला. "गाडी माही सोताची."

यात काही विशेष बोललो असं त्याला वाटलं नाही. पण बाईने मान वर केली आणि नत्थूकडे पाहिलं. नत्थू तोंडातल्या तोंडात हसला. सरकारी डिझेलवर आपल्या घरचे पंप चालवणारे साहेब त्याने पाहिले होते. वाटीभर सरकारी पाणी वाचवून स्वतःची बॅटरी मारणारा साहेब त्याच्या दारात पहिल्यांदाच आला होता. ही बॅटरी आता गेली, त्याने सांगितलं, विहिरीच्या खाराने प्लेटा खाल्ल्या. दुसरीच लागेल.

मुकुंदने डब्याला हात लावून पाहिला. खालून थेंब गळायला लागले होते. त्याने नत्थूला बोरखेडीचं सगळं सांगितलं आणि फळीवरच्या एका बॅटरीकडे बोट केलं. ती कोरी होती, लाल-पिवळ्या लेबलाची, झाकणंसुद्धा चकाकत होती. हीच द्या, म्हणाला.

नत्थूने नकार दिला. नव्या बॅटरीत तेजाब भरलं की तिला पहिलं चार्जिंग सावकाश द्यावं लागतं, दीड दिवस. आज घाईने लावली तर गाडी सुरू होईल, पण कळमेश्वरच्या पुढे नेईल याचा भरवसा नाही. आणि नेलीच तरी तिचं निम्मं आयुष्य आजच संपेल. हमरस्त्यावर गेलात तर घटकाभरात भरून हातात देणारे आहेत, हेही त्याने सांगितलं. गिऱ्हाईक दारात उभं असताना दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवणारा दुकानदार मुकुंदने गुरांच्या बाजारात कधी पाहिला नव्हता. त्याला तो माणूस आवडायला लागला. मग मुकुंदने दुसऱ्या एका बॅटरीकडे बोट केलं. ती नंदनवन वस्तीतल्या कोणाची तरी होती, चार्जिंगला आलेली, आणि दुसऱ्याची वस्तू नत्थू कोणाला देत नसे.

उरली एक. शेडच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक लहान बल्ब जळत होता, आणि त्याच्या तारा एका काळ्या बॅटरीला गेल्या होत्या. लेबल नाही, नाव नाही. तोंड बंद करायला वर ओतलेलं डांबर एका कोपऱ्याला जरा वाकडं. ती कोणाची, असं मुकुंदने विचारलं.

मग बाई पुढे आली, फडकं खाली ओढलं आणि घाईघाईने म्हणाली, "विकाऊच हाय साहेब. यांच्या हातची हाय. घेऊन जा."

"नाई," नत्थू म्हणाला. "कौसल्या, खोटं काहून बोलून राहिली वं?"

त्याने खांदे हलवले, तसा टॉवेल मांडीवरून घसरला. त्याचे दोन्ही पंजे मनगटापासून खाली लोंबत होते, वाळल्या घोसासारखे. त्याने ते उचलायचा प्रयत्न केला नाही.

"शिसं अंगात चढलं जी. तीस वर्षं शिसंच हाताळलं, त्याच हातानं भाकर खाल्ली. मेडिकलचा डॉक्टर म्हणे, आता हे उठत नाईत. ही बॅटरी माह्या हातची नाई. इनं बनवली. पहिलीच हाय इची. वर्ष झालं. दोन गिऱ्हाईकं उचलून घेऊन चालले होते, बाईनं बनवली म्हटलं तर ठेवून गेले. म्हणून मी इथं बसतो, हात झाकून. लोकायले वाटते मीच करतो. बाकी चार्जिंग चालते अशा नाटकावर. पण तुम्ही जनावरांचं पाणी गाडीत नाई टाकलं. तुमाले खोटं सांगून कसं द्यावं?"

कौसल्या मान खाली घालून उभी होती. हाही माणूस आता जाणार, हे ती धरून चालली होती. दिवसभर लोकांपासून हात लपवून बसायचं आणि जिथे खरं बोलणं महाग पडेल नेमकं तिथे खरं बोलायचं, हे मुकुंदला फार मोठं वाटलं. पण डब्यातून पाणी ठिबकत होतं आणि सव्वाशे जनावरं दावणीला उपाशी उभी होती. नुसतं कोणाचं मन राखायला बॅटरी घेण्याइतका तो मोकळा नव्हता.

त्याने बाजारातला आपला नेहमीचा बाणा धरला. मालकाचं ऐकायचं नाही, जनावर बघायचं. बॅटरी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. आकाराने लहान, पण चांगली जड. मग त्याने कौसल्येला विचारलं, हिची तब्येत कशी बघतात?

ती एकदम वेगळीच झाली. काचेची नळी आणून तिने पहिल्या खान्यातलं तेजाब वर ओढलं. आत एक काटा तरंगायला लागला. याला ग्रॅव्हिटी म्हणतात, तिने सांगितलं, हा काटा या रेघेवर उभा राहिला म्हणजे पोट भरलेलं. दुसऱ्या खान्यात तीच रेघ. तिसऱ्या खान्यात तीच. तापमापक वाचण्यात मुकुंदचा जन्म गेला होता; तीन जनावरं जुळ्यासारखी एकाच अंशावर उभी राहत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिला पुन्हा तिन्ही मोजायला लावले. काटा केसभर हलला नाही.

वर्षभर ती दर सोमवारी ही बॅटरी चार्जिंगला लावत होती, दर सोमवारी तिन्ही खाने मोजत होती आणि कोळशाने भिंतीवर आकडा लिहीत होती. भिंत आकड्यांनी भरून गेली होती. कोणी विकत घेईना, म्हणून तिने तिच्यावर बल्ब लावला, आपलं आपल्यालाच कळावं की ही टिकते की नाही. प्लेटा कशा जोडायच्या, शिसं किती तापवायचं, हे नत्थू स्टुलावरून सांगे आणि ती करी. डांबर वाकडं झालं तेव्हा ती रडली होती, आणि नत्थू म्हणाला होता की डांबरावर गाडी चालत नाही. काम झालं की ती कोपरापर्यंत साबणाने हात धुवी, आणि नत्थू तिने ते दोनदा धुतले की नाही हे बघत बसे.

मुकुंदने त्या भिंतीवरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. एवढी निगा लोक पोटच्या पोराचीही ठेवत नाहीत, असं त्याच्या मनात आलं, आणि तो ते बोलूनही गेला.

"हीच लावा," तो म्हणाला. "ताईच्या हातची."

कौसल्येने सुतळीने गाडीतली जागा मोजली, रबराचा तुकडा खाली सरकवला आणि बॅटरी बसवली. तारा आवळून ती बाजूला झाली. मुकुंदने एकच किक मारली. गाडी धडधडून उठली. नत्थूने डोळे मिटून तो आवाज ऐकला. दर महिन्याला ग्रॅव्हिटी मोजायला यायचं, एवढी एकच अट कौसल्येने घातली, आणि विहिरीचं पाणी टाकलंत तर ओळख दाखवणार नाही असं बजावलं.

तो बारा वाजता बोरखेडीत पोचला. चंपतराव पिंपळाखाली उभे होते आणि लोक गुरं सोडायची भाषा करायला लागले होते. शेवटची गाय टोचून झाली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डब्यात मुठीएवढा बर्फ शिल्लक होता. धोंडबा नावाचा एक म्हातारा, जो सुईच्या सगळ्यात विरोधात होता, त्याने विचारलं की आज एवढा उशीर कशाने झाला? मुकुंदने त्या पिंपळाखाली बसून सगळ्या गावाला सांगितलं. बॅटरी कोणाच्या हातची हे सांगताना त्याने दोनदा नाव घेतलं.

महिन्याने तो सक्करदऱ्याला आला तेव्हा पाऊस लागला होता आणि त्याच्या सीटमागे दुसरी एक बॅटरी बांधलेली होती. कौसल्येने आधी विचारलं ते जनावरांचं. एकही गेलं नाही, मुकुंद म्हणाला. शेजारच्या गावात आणखी सात मेली होती. मग तिने नळी आणली. काटा तिन्ही खान्यांत त्याच रेघेवर उभा राहिला.

नत्थू टॉवेल पांघरून स्टुलावर होताच. मुकुंदने खिशातून चिठ्ठी काढली आणि त्याच्यापुढे धरली, मग लक्षात येऊन ती कौसल्येकडे दिली. तिने ती उलगडून नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरली. नत्थूने मोठ्याने वाचली.

"रा. रा. नत्थूजी यांस. माझ्या मोटारसायकलीची बॅटरी पाठवत आहे. डॉक्टरसाहेबांच्या गाडीला आहे तशीच करावी. मात्र बाईंच्याच हातची असावी, दुसऱ्या कोणाच्या हातची चालणार नाही. चंपतराव, सरपंच."

त्याने ती पुन्हा एकदा वाचली, आणि 'बाईंच्याच हातची' या शब्दांपाशी थांबला. कौसल्येने चिठ्ठी घडी करून भिंतीवरच्या तसबिरीमागे खोचली. दारात दोन गिऱ्हाईकं येऊन उभी राहिली होती.

"कौसल्या," नत्थू म्हणाला, "हा टॉवेल काढ वं. गर्मी होऊन राहिली."

तिने टॉवेल काढून खुंटीला टांगला, आणि गिऱ्हाईकांना विचारायला पुढे झाली.